बारा ब्राउझर आणि एक डोळा

ज्या माणसाला आयुष्यभर कोणी काही विचारलं नाही, त्याला एकदम बारांतून एक निवडायला सांगू नये. माणूस बावचळतो. आमच्या मुद्रितशोधकांची शाळा वडिलांनी ठरवली, नोकरी मामांनी लावून दिली, घर बायकोने पसंत केलं, चष्म्याची चौकट लेकीने निवडली, आणि छापखान्यात त्यांचं टेबल कुठे असावं हे मालकांनी चौतीस वर्षांपूर्वी ठरवलं ते ठरवलं. त्यांची याबद्दल तक्रार नव्हती. दुसऱ्याने लिहावं, तिसऱ्याने छापावं आणि मधे बसून आपण ऱ्हस्व-दीर्घ बघावं, यात त्यांचं उत्तम चाललं होतं. छापखान्यात त्यांना पाठीमागे सगळे 'शुद्धिपत्र' म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

अशा माणसाच्या मोबाइलने एका सोमवारी सकाळी, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत, त्यांना फर्मावलं, 'आपला ब्राउझर निवडा.'

झालं होतं असं, की मोबाइलने रातोरात कोणाला न विचारता स्वतःला सुधारून घेतलं होतं, आणि सुधारल्यावर त्याला एकाएकी लोकशाहीची आठवण झाली होती. आजवर वेबसाइट बघायला त्यात एकच खिडकी होती. बोट लावलं की उघडायची. आता कंपनीचं म्हणणं असं, की ग्राहक हा राजा आहे, त्याने आपली खिडकी आपणच निवडावी. खाली बारा चित्रं होती. कासव, होडी, पतंग, कंदील, घार, शिंपला आणि आणखी सहा. प्रत्येकाखाली बारीक अक्षरांत एकेक ओळ. 'सर्वांत वेगवान.' 'सर्वांत सुरक्षित.' 'वेगवान आणि सुरक्षित.' 'तुमच्या मनासारखा.' ही शेवटची ओळ वाचून मुद्रितशोधकांनी नुसतीच मान हलवली. आपल्या मनासारखं म्हणजे कसं, हे त्यांना आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

प्रश्न तसाच लटकत ठेवून फोन मात्र करता येत होता, एवढी दया कंपनीने ठेवली होती. त्यांनी दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या लेकीला फोन लावला.

"बाबा, कुठलाही घ्या. सगळे सारखेच असतात."

"सारखे असतील तर बारा कशाला ठेवलेत?"

"तुम्हाला निवडता यावं म्हणून."

"सारख्यांतून?"

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे," लेक म्हणाली. हे वाक्य एकदा आलं की पुढे बोलणं खुंटतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

एरवी हे घोंगडं त्यांनी वर्षभर भिजत ठेवलं असतं. पण या खेपेला घाई होती, आणि घाई बायकोच्या डोळ्याची होती. बायको काजं करत असे. कोपऱ्यावरच्या शिंपीमास्तरांकडचे कोट आणि शर्ट घरी यायचे आणि ती हाताने काजं घालून द्यायची. मशीनचं काज आणि हिचं काज शेजारी ठेवलं तर मशीनने लाजावं असं तिचं काम. वर्षभरापासून तिच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं यायला लागलं. डावा तर लहानपणापासूनच कच्चा. गेल्या आठवड्यात मास्तरांनी एक कोट परत पाठवला. त्याचं तिसरं काज वाट चुकल्यासारखं भलतीकडे गेलं होतं. मास्तर स्वतः घरी आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, डोळा करून घ्या. महिनाभर मी तुमचं काम दुसऱ्या कोणाला देत नाही. पण त्यापुढे मला धरून ठेवता येणार नाही." मास्तर गेल्यावर तिने तो कोट उसवायला घेतला.

मोतीबिंदू होता. मोठ्या नेत्रालयात तो चांगला काढतात, पण तिथला क्रमांक फक्त वेबसाइटवर मिळतो. एक तारखेला सकाळी नऊला यादी उघडते, चाळीस क्रमांक असतात, आणि पुढची यादी चार महिन्यांनी. मागच्या खेपेला चाळीसही क्रमांक अकरा मिनिटांत संपले होते. आज चोवीस तारीख होती. म्हणजे मुद्रितशोधकांना आठवडाभरात एक खिडकी निवडायची होती आणि त्या खिडकीतून हात घालून बायकोसाठी एक क्रमांक काढायचा होता. एवढंच काम होतं. आता हे 'एवढंच' म्हणजे काय, ते सांगतो.

पहिली चूक त्यांनी अशी केली की जिन्यात विचारलं. जिन्यात काही विचारू नये. खालच्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले साहेब म्हणाले, "कासव. डोळे मिटून कासव. तीन वर्षं वापरतोय, एकदाही दगा नाही." काय काय उघडलं, असं विचारल्यावर कळलं की साहेब त्यावर फक्त हवामान बघतात. वरच्या मजल्यावरचे शाळेतले कवायतीचे सर धापा टाकत उतरत होते. ते थांबले. "कासव? अहो, नावातच आलं की सगळं. घार घ्या. बोट टेकवायच्या आधी पान हजर." साहेबांना ते लागलं. वेग आणि विश्वास यांत बँक कशाला महत्त्व देते हे त्यांनी सांगितलं, सरांनी बँकेच्या रांगांचा विषय काढला, आणि पंधरा मिनिटांनी मुद्रितशोधक दोघांच्या मधून हळूच सटकले तेव्हा ते दोघे एकमेकांना 'तुम्ही मला शिकवू नका' म्हणत होते. औषधांच्या दुकानातले काका एवढंच म्हणाले, "मोबाइलबरोबर जो आला तो वापरायचा. नातेवाईक आपण निवडतो का?" हा सल्ला सर्वांत शहाणपणाचा होता. पण आला तो आता निवडल्याशिवाय यायला तयार नव्हता.

दुसरी चूक त्यांच्या धंद्याची होती. ती दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. चौतीस वर्षांत मुद्रितशोधकांनी न वाचलेल्या कागदावर कधी सही केली नव्हती. आणि प्रत्येक चित्राखाली लिहिलं होतं, 'अटी व शर्ती वाचल्या असून मान्य आहेत.' माणसं इथे खोटं बोलून पुढे जातात. मुद्रितशोधक कसे जाणार? त्यांनी बाराही ब्राउझरांच्या अटी वाचायला घेतल्या. वाचणं म्हणजे तुम्ही-आम्ही वाचतो तसं नव्हे. छापखान्याची पद्धत अशी, की एकाने मजकूर विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने ऐकून चूक पकडायची. दुसरं कोणी नसल्यामुळे ते काम बायकोकडे आलं. ती अंदाजाने सुई चालवत बसायची आणि हे समोर बसून वाचायचे, "वापरकर्त्याने स्वल्पविराम आपल्या जबाबदारीवर स्वल्पविराम आणि कंपनीस कोणत्याही प्रकारे दोषी न धरता स्वल्पविराम..."

तीन संध्याकाळी हे चाललं. कासवाच्या अटींत एकवीस चुका निघाल्या, होडीच्या अटींत चौदा. पतंगवाल्यांनी 'गोपनीयता' हा शब्द पाच ठिकाणी पाच प्रकारे लिहिला होता. त्यावरून ते ती किती जपत असतील याचा मुद्रितशोधकांनी अंदाज बांधला आणि पतंग बाद केला. तिसऱ्या संध्याकाळी घारीचा चौथा परिच्छेद सुरू असताना बायकोने सुई थांबवली.

"अहो, हे परवा वाचलं होतं तुम्ही."

"परवा कासव होतं. ही घार आहे."

"मग घारीने कासवाचं उतरवून घेतलंय. 'कोणत्याही प्रकारे'नंतर तुम्ही तेव्हाही अडखळला होतात."

मुद्रितशोधकांनी ताडून पाहिलं. परिच्छेद काना-मात्रेसकट तोच होता. होडीतही तोच आणि शिंपल्यातही तोच. चुकासुद्धा त्याच होत्या, आणि ज्याने चौतीस वर्षं चुका ओळखण्यावर पोट भरलं त्याला त्या वेगळ्या कागदावर ओळखू आल्या नव्हत्या. त्यांना थोडं लागलं. पण सव्वीस तारीख उलटत आली होती, म्हणून त्यांनी कासव निवडलं. साहेब रोज जिन्यात भेटतात आणि सर कधीतरीच, हे त्यामागचं खरं कारण.

कासवाने निवड होताच आदबीने विचारलं, 'तुमची माहिती लक्षात ठेवू का? पुढे फॉर्म भरताना उपयोगी पडेल.' हा प्रश्न शुद्ध लिहिलेला होता. मुद्रितशोधक खूश झाले. त्यांनी आपलं नाव, वय, जन्मतारीख, पत्ता सगळं नीट भरलं आणि नेत्रालयाचं संकेतस्थळ उघडलं. पान अर्धं आलं आणि पानाच्या मधोमध एक पाटी आली, 'हे संकेतस्थळ घारमध्ये उत्तम चालते.'

वरच्या मजल्यावर सरांच्या चालण्याचा आवाज येत होता. तो त्यांना त्या क्षणी विजयी वाटला.

बरं, घार तर घार. त्यांनी घारही उतरवून घेतली. घारीत नेत्रालय उघडलं. पाटी आली, 'हे संकेतस्थळ घारमध्ये उत्तम चालते.' त्यांनी पाटीला उद्देशून मोठ्याने सांगितलं की ही घारच आहे. पाटी ढिम्म. मग लेकीने मीटिंगमधून वेळ काढून नेत्रालयाची लिंक पाठवली. ती दाबली तर ना कासव उघडलं ना घार. निरोपांच्या ॲपने आपल्या पोटातून तिसरीच एक बिननावाची खिडकी काढली आणि तीत नेत्रालय उघडलं. तीन संध्याकाळी वाचून निवडलेलं कासव बाजूला बसून राहिलं. मुद्रितशोधकांना छापखान्यातल्या मतदानाची आठवण आली. वार्षिक सहलीला कुठे जायचं यावर चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि मालकांनी त्या न उघडताच बस सांगितली होती.

मदतीच्या क्रमांकावर फोन केला तर ध्वनिमुद्रित बाई म्हणाली, "अधिक माहितीसाठी आमच्या संकेतस्थळाला भेट द्या." अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते प्रत्यक्ष नेत्रालयात गेले. चौकशीच्या खिडकीत हाडामांसाची बाई होती.

"अर्ज इथे घेत नाही. ऑनलाइन भरा," ती म्हणाली.

"ऑनलाइन उघडत नाही."

"आमच्याकडे तर व्यवस्थित उघडतंय," असं म्हणून तिने आपला पडदा त्यांच्याकडे वळवला. खरोखरच व्यवस्थित उघडलं होतं. अख्खा फॉर्म लख्ख दिसत होता.

"मग एक तारखेला मी इथे येऊन भरतो."

"हा आतल्या लोकांसाठी आहे."

"आतल्या लोकांना अर्ज करावा लागतो का?"

बाईने यावर विचार केला. "नाही," ती म्हणाली. "तुम्ही ब्राउझर बदलून बघा ना."

शेवटी ते गेले मोबाइल दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे. बसथांब्यामागे त्यांचं हातभर रुंदीचं दुकान होतं. एका डोळ्याला भिंग लावून त्या कोणाच्या तरी मोबाइलचं पोट फाडून बसल्या होत्या. सगळी हकीकत त्यांनी मान वर न करता ऐकली.

"काका, तुमच्या कंपनीच्या मोबाइलमध्ये इंजिन एकच असतं," त्या म्हणाल्या. "कंपनी दुसरं बसवू देत नाही. वरून पत्रा बदलतो, रंग बदलतो, नाव बदलतं. कासव काय, घार काय, बॉनेट उघडलं की आत तेच."

"आणि बारा पर्याय?"

"बारा पत्रे."

मुद्रितशोधक तिथल्या स्टुलावर बसले. त्यांना राग आला नाही, आला असता तर बरं झालं असतं. आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला कोणी निवडायला सांगितलं, आपण रीतसर, इमानेइतबारे निवड केली, आणि निवडायला तिथे काही नव्हतंच, याचं त्यांना नुसतं वाईट वाटलं.

"नेत्रालयाच्या साइटला खरी घार लागते, संगणकातली," बाई सांगत होत्या. "नाहीतर त्यांचं ॲप घ्या. पण ते तुमच्या मोबाइलवर चढणार नाही, मोबाइल जुना आहे."

"त्याने परवाच तर सुधारणा केली."

"तीच शेवटची त्याची. आता एकच उपाय. कासवाच्या सेटिंगमध्ये ही खूण करायची. मग मोबाइल साइटला सांगतो की मी मोबाइल नाही, संगणक आहे."

"म्हणजे खोटं बोलतो."

"हो."

"आणि साइट विश्वास ठेवते?"

"ती कुठे बघायला येते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंग काढलं. "आणि एक ऐका. त्या दिवशी वाचत बसू नका. तुम्ही वाचणाऱ्यांतले दिसता. येईल ते दाबत जायचं. मान्य आहे, मान्य आहे, पुढे. अकरा मिनिटं असतात काका."

एक तारखेला त्यांनी रजा घेतली, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पावणेनऊला टेबलाशी बसले. बायको मागे उभी राहिली. नऊ वाजले. खोटं बोलणारा मोबाइल संगणक झाला, पाटी आली नाही, आणि संगणकाचं अख्खं पान त्या तळहाताएवढ्या काचेवर मुंगीएवढ्या अक्षरांत उतरलं. चिमटीने पान मोठं करत, सरकवत, त्यांनी बायकोचं नाव घातलं, वय घातलं, डोळा उजवा. नऊ वाजून चार मिनिटं झाली होती. मग अटींचं पान आलं.

"वाचताय का?" बायकोने मागून विचारलं.

"नाही."

"मला स्वल्पविराम ऐकू आला."

त्यांनी दचकून बोट खाली नेलं, पण तेवढ्यात पान पांढरं झालं. 'आपला वेळ संपला आहे. कृपया पुन्हा सुरुवात करा.' नऊ वाजून सात मिनिटं. त्यांनी पुन्हा फॉर्म उघडला. पहिल्या रकान्याला बोट लावताच कासवाने विचारलं, 'माहिती भरू का?' भर बाबा, भर. एका झटक्यात सगळे रकाने भरले. उजवा डोळा. मान्य आहे. मान्य आहे. पुढे. नक्की? नक्की. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक ओळही न वाचता सही केली, आणि एवढं सोपं असतं हे त्यांना माहीतच नव्हतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी निरोप आला, 'अभिनंदन. आपला क्रमांक ३९. दिनांक ११, सकाळी ८.'

बायको खुर्चीत बसली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. मुद्रितशोधकांना वाटलं, आपण हिच्यासाठी एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी धडपणे केलं. त्या दिवशी त्यांनी जिन्यात स्वतःहून उभं राहून तो निरोप सगळ्यांना दाखवला. साहेब म्हणाले, कासव होतं म्हणून झालं. सर म्हणाले, घार असती तर सातवा क्रमांक लागला असता. शिंपीमास्तरांनी तर दोन कोट बाजूला काढून ठेवले. दहा दिवस घरात सणासारखे गेले.

अकरा तारखेला सकाळी आठला दोघं नेत्रालयाच्या बाकावर जाऊन बसले. बायकोने लेकीने दिलेली साडी नेसली होती. एकोणचाळिसावा क्रमांक पुकारला गेला आणि पाठोपाठ स्पीकरवर नाव आलं. ते नाव मुद्रितशोधकांचं होतं.

आधी त्यांना वाटलं, नातेवाईक म्हणून पुकारलं असेल. मग खिडकीतल्या बाईने छापील कागद पुढे सरकवला. नाव त्यांचं, वय त्यांचं, जन्मतारीख त्यांची, लिंग पुरुष, डोळा उजवा. कागदावर व्याकरणाची एकही चूक नव्हती.

"हे चुकून झालंय," मुद्रितशोधक म्हणाले. खिशातून लाल पेन निघालंसुद्धा. "एवढं नाव खोडून वर दुसरं लिहायचं आहे. मी समासात खूण करून देतो."

"दुरुस्ती ऑनलाइन," बाई म्हणाली. "दुरुस्ती केलीत की हा क्रमांक रद्द होतो. मग पुढच्या यादीत अर्ज करायचा. यादी चार महिन्यांनी."

"मी घेतला नाही तर हिला मिळेल का?"

"नाही. प्रतीक्षायादीत जो पहिला आहे त्याला जाईल."

मुद्रितशोधकांनी बायकोकडे बघायचं टाळलं. मागून चाळिसावा क्रमांक कोपराने ढकलत होता. "आत तरी जाऊन या," बाई थोड्या मऊ आवाजात म्हणाली. "डॉक्टरांशी बोलून बघा."

डॉक्टरीणबाईंनी त्यांचं बोलणं अर्धं ऐकलं आणि त्यांना खुर्चीत बसवलं. कागदावर ज्याचं नाव, त्याला तपासायचं, एवढं त्यांना माहीत होतं. "डावा डोळा झाका आणि समोरचा तक्ता वाचा."

मुद्रितशोधकांनी झाकला आणि वाचलं. वरची अक्षरं वाचली, मधली वाचली, आणि खालच्या ओळी तर धडाधड म्हणून टाकल्या.

"काका, तुम्ही शब्द वाचताय," डॉक्टर म्हणाल्या. "तक्त्यावर शब्द नाहीत. सुटी अक्षरं आहेत."

हाताखाली आलेल्या प्रत्येकाला ते चौतीस वर्षं एकच सांगत आले होते, की कागदावर जे असायला हवं ते वाचू नका, जे आहे ते वाचा. डॉक्टरांनी दिव्याखाली त्यांचा डोळा बघितला आणि म्हणाल्या, "उजवा चांगलाच पिकलाय. डाव्याचीही सुरुवात आहे. दोन-तीन वर्षं तरी झाली असतील. काम काय करता?"

त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी लिहिता लिहिता हात थांबवला. नर्सने डोळ्यांत थेंब घातले आणि त्यांना बाहेर बाकावर आणून बसवलं.

बायको शेजारी होती. थेंबांनी सगळं दुधाळ झालं होतं, ती नुसती रंगाच्या ठिपक्यासारखी दिसत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिला वाईट वाटलं होतं आणि तिने ते लपवलं नाही.

"तुझा क्रमांक मी खाल्ला," ते म्हणाले.

"खाल्लात," ती म्हणाली. "मास्तरांना मी उद्या जाऊन सांगते, दुसरी बघा म्हणून. पण तुम्ही आता करूनच घ्या. नाही म्हटलंत तरी मला थोडाच मिळणार आहे? घरात एकाला तरी दिसायला हवं."

मुद्रितशोधकांच्या डोळ्यांतून थेंब गळत होते. त्यांतले औषधाचे किती, हे सांगता आलं नसतं. "मला भीती वाटते," ते म्हणाले. "तीन वर्षांत सत्तावीस पुस्तकं गेली माझ्या हाताखालून. शब्दकोश गेला एक. त्यांत काय काय राहिलं असेल?"

"कोणाची तक्रार आली का?"

ते आठवत बसले. "नाही. एकही नाही."

"मग झालं तर," बायको म्हणाली. "कोणी वाचत नाही."

तिने हे समजूत घालायला म्हटलं होतं. मुद्रितशोधकांना मात्र त्या सकाळी ऐकलेल्या सगळ्या वाक्यांत हे सर्वांत वाईट वाटलं. मोतीबिंदू निघतो. याला काय करणार?

तेवढ्यात नर्स शस्त्रक्रियेच्या संमतीचे चार कागद घेऊन आली. दोन्ही बाजूंनी बारीक छापलेले. "नीट वाचून शेवटी सही करा," ती म्हणाली आणि पेन त्यांच्या बोटांत दिलं. त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला, उजेडाकडे नेला. पांढऱ्यावर करड्या रेघा हलत होत्या. त्यांनी तो बायकोपुढे केला. तिने घेतला, डोळ्यांशी नेला आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवला.

"कुठे करायची?" त्यांनी विचारलं.

नर्सने त्यांचा हात धरून योग्य जागी नेला. त्यांनी सही केली. नर्सने कागद घेतले आणि न बघताच फाईलला लावले.